रामभाऊंचे बाहेरचे देव

अंजनाबाईंनी नवऱ्याचा शर्ट बादलीत टाकायच्या आधी नाकाला लावला. एकदा कॉलरजवळ, एकदा बाहीला. मग खात्री करून घ्यायला तो मुलीच्या नाकापुढे धरला.

"लोबान," गंधाली म्हणाली. "आई, तू हे रोज करतेस?"

"रोज नाय. संशय येता तेव्हाच."

"म्हणजे रोज."

अंजनाबाईंनी खिसे उलटे केले. वरच्या खिशातून केशरी कापडाचा एक चौकोन निघाला, डोक्याला बांधायचा. गुरुद्वाऱ्याच्या दारात टोपलीभर ठेवलेले असतात तसला. अंगाला दर्ग्याचा वास आणि खिशात गुरुद्वाऱ्याचा रुमाल. एका शर्टात दोन धर्म मावलेले बघून त्या क्षणभर गप्प राहिल्या, आणि ही गोष्ट त्यांच्या बाबतीत सहसा घडत नसे.

रामभाऊ आंघोळ करून बाहेर आले. अंजनाबाईंनी तो रुमाल त्यांच्या डोळ्यांपुढे नाचवला.

"अवो, ह्या काय?"

रामभाऊंनी रुमालाकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. बराच वेळ पाहिलं. मग "असू दे," म्हणाले आणि कंगवा घेऊन आरशापुढे उभे राहिले.

"बघ. उत्तर बघ. चोराक पण ह्याच्यापेक्षा बरा उत्तर सुचता."

खरं तर 'असू दे' हे रामभाऊ घाडींचं जुनंच उत्तर होतं. पापलेट शिळं निघालं तरी असू दे, मेहुण्याने जमिनीवरून भांडण काढलं तरी असू दे. साकीनाक्याच्या एका गाळ्यात पत्र्याची झाकणं ठोकणाऱ्या प्रेसवर त्यांचा जन्म गेला. दिवसभर ते यंत्र ऐकून घरी आलेल्या माणसाला आणखी काही ऐकायची हौस नसायची, आणि बोलायची तर नव्हतीच. दोघांच्या वाटणीचं बोलणं अंजनाबाईंनी लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच आपल्या अंगावर घेतलं होतं. नवरा ऐकतो की नाही याची त्यांनी कधी फारशी चौकशी केली नाही. ऐकत नाही, असंच त्या धरून चालत.

या मुक्या माणसाला बोलायला लावणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे गाऱ्हाणं. शुभकार्य कुणाचंही असो, आधी नारळ ठेवायचा आणि घाड्याने उभं राहून देवाला सगळी परिस्थिती रोखठोक सांगायची. पोरगी अमक्याची, स्थळ तमक्याचं, वाटेत कोणी आडवा आला तर त्याला सरळ करण्याची जबाबदारी तुझी. आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी एका दमात "होय म्हाराजा!" म्हणायचं. गावाकडे हा मान घाडी घराण्याचा, आणि विक्रोळीच्या त्या कॉलनीत कोकणातून आलेल्या साऱ्या घरांसाठी तो रामभाऊंचा होता. त्यांचा आवाज हायवेपर्यंत जातो, असं लोक म्हणत. पण यंदा माघी गणपतीला त्यांनी "घसो बसलो" म्हणून हात जोडले आणि मागे जाऊन उभे राहिले. तो बसलेला घसा अजून उठला नव्हता.

तेव्हापासून त्यांचं हे बाहेर जाणं सुरू झालं होतं. कुठे जाता विचारलं की, असू दे.

आणखीही गोष्टी होत्या. त्यांचा फोन हल्ली वाजत नसे. छातीवरच्या खिशात नुसता थरथरायचा. आणि फोनचा आवाज कुठला पुरुष बंद ठेवतो, हे अंजनाबाईंना मालिका बघून चांगलंच ठाऊक होतं. वरच्या मजल्यावरच्या शर्मिष्ठाने तर जिन्यात गाठून सांगितलं होतं, "काकी, रागवू नका हं, पण काका हल्ली बोलताना तोंडाकडे टक लावून बघतात. मला कसंतरीच होतं." अंजनाबाईंनी तेव्हा तिला "तुझ्या तोंडाकडे बघण्यासारखा काय आसा?" असं ऐकवून वाटेला लावलं होतं. पण ते वाक्य मनात राहून गेलं होतं.

शुक्रवारी बाळा आला. हा मंडळाचा सेक्रेटरी. कॉलनीत कोणाकडे काय शिजलं हे त्याला फोडणीच्या आधी कळायचं. खुर्चीत बसून त्याने आधी चहा संपवला. म्हणजे बातमी वजनदार होती.

"वयनी, भाऊ घरात नाहीत ना?"

"नाहीत. आणि आता तू सांगतलंस म्हणजे येऊचे पण नाहीत. बोल."

"बुधवारी माझी मरोळला डिलिव्हरी होती. चर्चमधून लोक बाहेर पडत होते. त्यात आपले भाऊ."

"उभे असतील फुटपाथावर."

"वयनी, आतून आले. बाकीच्या लोकांसारखे. हात असे जोडून." बाळाने हात जोडून दाखवले. "माझं काय म्हणणं नाही. कुणी कुठे जावं. पण गाऱ्हाणं घालणारा माणूस गाऱ्हाणं सोडतो आणि चर्च धरतो, दर्गा धरतो... लोक बोलतात हो."

"लोक म्हणजे तूच मा?"

"मी त्यातला एक," बाळा प्रामाणिकपणे म्हणाला. "तसं गेल्या वर्षीच काहीतरी बिनसलं होतं. आठवतं ना? आम्ही 'होय म्हाराजा' म्हणायच्या आत भाऊंचं पुढचं वाक्य. मग एकदा आम्ही म्हणून मोकळे झालो, तरी भाऊ आपले उभेच, पुढे बोलेनात. पोरं हसली. मन लागत नसणार, दुसरं काय?"

बाळाने सोडलेला वास बोरिवलीपर्यंत पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. गंधालीचं बोरिवलीच्या हर्षद राणेशी जमलं होतं, पुढच्या रविवारी कॉलनीच्या हॉलमध्ये साखरपुडा होता. हर्षदच्या आईचा, सुगंधाबाईंचा फोन आला. आवाज साखरेत घोळलेला होता.

"विहीणबाई, तुमचे मिस्टर म्हणे सगळ्याच देवांकडे जातात? छानच की. आमच्याकडे आपलं एकच कुलदैवत, त्याचंच करता करता नाकी नऊ येतात."

"ते रिटायर झालेत. वेळ आसा त्यांका."

"तसं नाही हो. पण हर्षदचे काका जुन्या वळणाचे. ते म्हणतात, घाड्यांच्या घरची मुलगी करतोय, तर मुलीच्या बापाच्या तोंडून गाऱ्हाणं झालं पाहिजे. दुसरा माणूस उभा केलात तर ते हॉलमधून उठतील, मग हर्षदचंही काही चालणार नाही. म्हटलं, आधी कानावर घालावं."

फोन ठेवल्यावर अंजनाबाईंनी गंधालीकडे पाहिलं. ती समोरच होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबांना विचार ना सरळ," गंधाली म्हणाली. "मी काल विचारलं, बाबा, म्हणाल ना रविवारी? ते माझ्याकडे बघून हसले आणि पेपर उघडून बसले."

"इचारून कोण खरा सांगता? बघूक व्हया."

साखरपुड्याच्या आधीच्या रविवारी सकाळी रामभाऊ निघाले तसं अंजनाबाईंनी चपला घातल्या. ते बसमध्ये चढले, त्यांनी रिक्षा केली. "त्या बसच्या मागे ठेव," असं सांगताना त्यांना थोडं बरंही वाटलं. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "मावशी, मॅटर काय आहे?" "माझाच माणूस आसा. तू पुढे बघ."

बस मुलुंडला थांबली आणि रामभाऊ गुरुद्वाऱ्यात शिरले. अंजनाबाईंनी डोक्यावरून पदर घेतला, पाय धुतले आणि बायकांच्या बाजूला एका खांबाआड जागा धरली. पुरुष पलीकडे. रामभाऊ सरळ पुढे जाऊन कीर्तन करणाऱ्यांच्या ओट्याला खेटून बसले, तबल्याच्या अगदी बाजूला. डोळे मिटले. आणि उजवा तळहात ओट्याच्या लाकडावर सपाट ठेवला.

अंजनाबाईंनी आजूबाजूच्या बायकांची हजेरी घेतली. संशय घेण्यासारखी एकही दिसली नाही. बहुतेकींच्या मांडीवर नातवंडं होती. म्हणजे बाईचं प्रकरण नव्हतं. तरी बरं वाटण्याऐवजी त्यांना जास्तच धास्ती वाटली. बाई असती तर तिला झिंज्या धरून बाहेर काढता आली असती. देवाला काय धरणार? आणि तो तळहात कशाला? कोणा बाबाने काही शिकवलं होतं की काय?

खाली पंगतीत त्या चार माणसं सोडून बसल्या. खिरीचं पातेलं आलं. घरी साखरेच्या डब्याकडे बघायची परवानगी नसलेल्या नवऱ्याच्या ताटात वाढणाऱ्याने एक पळी टाकली, काहीतरी विचारलं. रामभाऊ ताटाकडे बघत राहिले, म्हणून त्याने दुसरी पळी टाकली. तीही त्यांनी निमूट खाल्ली. 'घराक वर्ज्य आणि हंय दोनदा,' अंजनाबाईंनी हेही त्यांच्या नावावर मांडून ठेवलं.

बुधवारी मरोळ. या वेळी बसचा पाठलाग करायची गरज नव्हती, त्या थेट चर्चवर गेल्या. दारात सवयीने चपला काढल्या आणि मग लक्षात आलं की लोक बुटांसकट आत जातायत. सगळ्या पायरीवर चपलांचा एकच दुसरा जोड होता. रामभाऊंचा. अंगठ्याला त्यांनी स्वतः शिवलेला. अंजनाबाईंनी आपल्या चपला त्याच्यापासून हातभर लांब ठेवल्या.

आत बाया आणि पुरुष एकाच बाकावर बसलेले पाहून त्यांना आधी अवघडल्यासारखं झालं, मग सोयीचं वाटलं. रामभाऊ पुढे, कडेच्या बाकावर. त्या मधे एक बाक सोडून त्यांच्या मागे बसल्या. कानात सोन्याची बुगडी घातलेल्या, लाल लुगड्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने सरकून जागा दिली. "बस बाय," ती म्हणाली. प्रार्थना सुरू झाली आणि अंजनाबाई दचकल्या, कारण ती मराठीत होती. त्यांची कल्पना होती की तो देव फक्त इंग्रजी समजतो. पण इथे फादर एक वाक्य बोलत होते आणि सगळे बाक मिळून त्याला एका सुरात उत्तर देत होते. फादरचं पुढचं वाक्य, पुन्हा सगळ्यांचं उत्तर.

रामभाऊंचा तळहात पुढच्या बाकाच्या पाठीवर होता. सपाट. ते मान जराशी वळवून शेजारच्या माणसाच्या ओठांकडे बघत होते. उत्तर सुरू झालं की त्यांचे ओठ हलत, बाक शांत झाला की मिटत. अगदी वेळेवर. हे सगळं तोंडपाठ झालंय की काय? म्हणजे इतकं पुढे गेलंय? अंजनाबाईंना पोरीचा चेहरा दिसला, हॉलमधून उठणारा तो हर्षदचा काका दिसला.

प्रार्थना थांबली. सगळे मान खाली घालून गप्प बसले होते. पंख्याचा तेवढा आवाज.

"अवो," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

मधल्या बाकावरच्या बाईने मागे वळून पाहिलं. रामभाऊंनी नाही.

"अवो! मी काय म्हणतंय?"

आता दोघं-तिघं वळले. रामभाऊंचा केसही हलला नाही. लग्नानंतर अंजनाबाईंनी नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घेतलं होतं, तेही अर्धं गिळून. त्या दिवशी मरोळच्या चर्चमध्ये, सगळं शांत असताना, ते त्यांच्या तोंडून स्पष्ट आणि पूर्ण निघालं.

"रामचंद्र!"

चर्चमधल्या झाडून सगळ्या माना वळल्या. फादरनी पुस्तकातून डोकं वर केलं. कुणाच्या तरी मांडीवरचं बाळ रडायला लागलं. फक्त कडेच्या बाकावर एक पाठ तशीच होती. वाकलेली, निवांत, बाकाच्या लाकडावर हात टेकलेली. तिला यातलं काही पोचलं नव्हतं.

अंजनाबाईंनी पदर तोंडावर धरला. लाल लुगड्यातल्या बाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या पाठीकडे. तिने नुसता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

बाहेर पडताना रामभाऊंना पायरीवर बायको उभी दिसली. हातात त्यांच्या चपला. ते थबकले. शिव्या येणार म्हणून त्यांनी तिच्या तोंडाकडे नजर लावली. तोंड हललंच नाही. तिने चपला त्यांच्या पायांपुढे ठेवल्या. विक्रोळीपर्यंत रिक्षात कोणी कोणाशी बोललं नाही. ऐकू येणाऱ्या बाजूने इतकी शांतता या संसारात पहिल्यांदाच.

घरी गंधाली यायची होती. अंजनाबाईंनी दिवा लावला, नवऱ्याला खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि समोर बसून, एकेक शब्द तोंड उघडून विचारलं.

"कधीपासना?"

रामभाऊंनी जमिनीकडे पाहिलं. मग पुन्हा तिच्या तोंडाकडे बघावंच लागलं.

"आधी उजवो कान गेलो. प्रेसच्या बाजूचो. डावो त्याच्या मागसून. जाडो आवाज, ढोलबिल, तेवढो कळता. माणसाचो नाय."

"सांगाक काय झालेला?"

"पोरीचा जमूचा होता." ते म्हणाले. "बापूस बहिरो म्हटल्यावर लोक पोरीचे कान तपासतीत."

तपासलेच असते. अंजनाबाई स्वतः मुलाच्या बाजूच्या असत्या, तर त्यांनीही तपासले असते.

"आणि ह्या चर्च, दर्गो?"

"तिकडे कोण कायएक इचारीत नाय," रामभाऊ म्हणाले. मग जरा वेळाने, "आणि सगळीकडे एक माणूस बोलता, बाकीचे होय म्हणतत. त्यांचा होय कधी संपता, तां लाकडाक हात लावन कळता काय, तां बघी होतंय. दर्ग्यात नगाऱ्याखाली सगळा बुडान जाता. मुलुंडाक पेटी-तबलो थांबनाच नाय. मरोळचो बाक बरो. चुकलंय नाय." त्यांनी मान हलवली. "पण हॉलात आपल्या बाक खंय? लादी आसा. लादी कायव सांगत नाय."

म्हणजे हा माणूस महिनोन् महिने रविवारची तयारी करत होता. अंजनाबाई उठल्या. स्वयंपाकघरातून एक नारळ आणला आणि त्यांच्या हातात दिला.

"उभे ऱ्हवा."

"आता?"

त्या त्यांच्या मागे डाव्या बाजूला उभ्या राहिल्या आणि पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, हात ठेवला. "मी हंय असतलंय. लोकांचा होऊन गेला काय दाबतलंय," आणि हे त्यांना दिसलं नाही हे लक्षात येऊन त्या पुढे आल्या, पुन्हा तोंडापुढे तेच सांगितलं आणि परत मागे गेल्या.

रामभाऊंनी मान वळवली. "बाईमाणूस घाड्याच्या बाजूक? गाऱ्हाण्याक? तशी पद्धत नाय."

त्या पुन्हा पुढे आल्या. "रविवारपासून आसा. इहिणीक मी सांगतंय. घाड्यांच्या घरात पूर्वीपासना आसा म्हणान."

रामभाऊ हसले. खोकून घसा मोकळा केला. तो काही बसलेला वगैरे नव्हता.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरांनी तुझ्यासमोर जो नारळ ठेवलो हा, तो मान्य करून घे म्हाराजा!"

खिडकीची काच हलली. खालच्या मजल्यावर कुणीतरी टीव्ही बारीक केला.

"होय म्हाराजा," अंजनाबाई म्हणाल्या आणि हात दाबला.

"उशीर झालो," रामभाऊ म्हणाले.

पुन्हा केलं. या वेळी लवकर झालं. तिसऱ्यांदा बरं जमलं, पुढे आणखी बरं. मग रामभाऊंनी नारळ खिडकीत ठेवला, वळले आणि आपला तळहात तिच्या गळ्यावर ठेवला. खाली, जिथे मंगळसूत्राचे काळे मणी टेकले होते तिथे. प्रेसने घट्टे पाडलेला, रुंद, गरम हात.

"बोल," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"कायव."

जन्मभर दोघांच्या वाटणीचं बोललेल्या बाईला एक शब्द आठवेना. तिने इकडेतिकडे पाहिलं. जिन्यावर गंधालीच्या चपलांचा आवाज आला, दाराशी थांबला. हात तसाच होता. तो वाट बघत होता.

"आज भाजीवाल्याने," अंजनाबाईंनी सुरुवात केली, "दोन टोमॅटे कुसके घातल्यान. मी म्हटलंय त्याका, मेल्या, तुका काय वाटला, माका दिसत नाय? तर माका म्हणता कसो, मावशी..."